घरे बांधणाऱ्यापुढे अटी कोणी ठेवावयाच्या?



पुणे शहर दक्षिणेकडे आणि पश्चिमेकडे सरकत चालले आहे, आणि भोर व वेल्हे हे दोन तालुके त्याच्या वाटेवर आहेत. वेल्ह्यास आता राजगड तालुका असे नाव मिळाले आहे. भाताच्या खाचरांशेजारी सदनिकांच्या योजनांच्या पाट्या लागत आहेत. घरे बांधली जाण्यास आमचा विरोध नाही. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर राहावे लागले, ते पक्क्या घरास विरोध कोणत्या तोंडाने करतील? प्रश्न एवढाच आहे की, बांधणाऱ्याकडून कोणत्या अटी लिहून घ्यावयाच्या, आणि त्या कोणी घ्यावयाच्या.

यांपैकी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर वरसगाव धरणाच्या काठी पडलेले आहे. मुळशी व वेल्हे तालुक्यांतील १८ गावांच्या क्षेत्रास शासनाने २००१ साली गिरिस्थान म्हणून मान्यता दिली, आणि तेथे लवासा नावाचे नगर उभे राहू लागले. २००२ साली कृष्णा खोरे विकास महामंडळाने जलाशयालगतची जमीन कंपनीस भाडेपट्ट्याने दिली. पुढे २००८ साली नगररचना कायद्याखाली विशेष नियोजन प्राधिकरणाचा अधिकारही त्याच कंपनीच्या हाती आला. म्हणजे नकाशा करणारा तोच, नकाशा मंजूर करणाराही तोच! अट घालणारा आणि अट पाळणारा एकच असेल, तर तेथे वाटाघाट कोण कोणाशी करणार? जमिनीचे काय झाले, असे विचारण्यास आलेल्या कातकरी कुटुंबाने कोणाच्या दारात उभे राहावे?

उत्तर दिल्लीहून यावे लागले. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने काम थांबविण्याची नोटीस काढली. एक वर्षाने २००० हेक्टरांच्या पहिल्या टप्प्यास परवानगी मिळाली, ती अटींवर. असा भंग पुन्हा होणार नाही अशी लेखी हमी संचालक मंडळाकडून मागण्यात आली. पण डोंगर तोवर कापला गेला होता. २०१७ साली नियोजनाचा अधिकार काढून पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे देण्यात आला. २०१८ साली कंपनी दिवाळखोरीच्या कार्यवाहीत गेली, आणि ज्यांनी आयुष्याची पुंजी घालून तेथे घर घेतले, तेही ताटकळत राहिले. उशिरा घातलेली अट कोणाच्याच कामी येत नाही, हे श्रीमंत ग्राहकासही येथे कळले.

आता भोरकडे वळू. शहराच्या हद्दीत नगरपरिषद आहे. लोकांची समजूत अशी की, नगरसेवकांनी सभेत हात वर केले म्हणजे इमारत अडते. वस्तुतः बांधकामाचा परवाना मुख्याधिकारी नियमानुसार देतात. सभेचा खरा अधिकार त्याआधी चालतो. विकास आराखडा तयार होताना, किंवा शेतीच्या विभागातील जमीन निवासी विभागात घेताना, एका रेघेने त्या जमिनीची किंमत अनेक पटींनी वाढते. ही वाढ मालकाच्या श्रमाची नव्हे, ती सार्वजनिक निर्णयाची आहे. म्हणून मागावयाचे ते त्याच वेळी मागावे.

काय मागावे? मोठ्या रेखांकनात १० टक्के मोकळी जागा नियमानेच ठेवावी लागते. पण ती त्या वसाहतीतील रहिवाशांची असते, कुंपणापलीकडील बौद्धवाड्यातील मुलाची नव्हे. मोठ्या शहरांत विस्तीर्ण भूखंडावर दुर्बल व अल्प उत्पन्न गटांसाठी २० टक्के घरांचा नियम झाला. भोरसारख्या लहान गावाने तोच धडा आपल्या आराखड्यात गिरवावा: सार्वजनिक वाट, उघडी शाळेची जागा, आणि इमारतीचे सांडपाणी कोणाच्या दारात सोडले जाणार याचा लेखी जबाब. पाण्याचे तर विचारूच नका. पानशेत व वरसगाव वेल्ह्यात, पाणी पुण्यास; भाटघर भोरमध्ये, पाणी नीरेच्या कालव्यांस. उशाशी धरण असलेल्या माणसाने टँकरची वाट पाहावी, आणि नव्या सज्जात तरणतलाव भरावा, हा कोणता न्याय?

कागदावरची अट पुरेशी असते असे मात्र मानू नका. भोरहून वरंध घाट उतरला की महाड लागते. त्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांस खुले असल्याचा ठराव केला होता. तो तीन वर्षे दप्तरात पडून राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागे हजारो लोक तळ्यावर गेले, तेव्हा ठरावाला पाय फुटले. आणि त्याच ऑगस्टमध्ये नगरपालिकेने तो रद्द करून टाकला! न्यायालयाचा अंतिम निकाल मिळण्यास १९३७ साल उजाडले.

यास्तव आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती व सूचनांसाठी मिळणारे ३० दिवस मोजून वापरा. नकाशात आपली वस्ती, विहीर, स्मशानभूमी आणि वहिवाटीची वाट दाखविली आहे की नाही, ते प्रथम पाहा. न दाखविलेली वाट उद्या भिंतीखाली जाते. वतनाची जमीन मध्ये येत असेल, तर ती जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून हस्तांतरित होत नाही, हे लिहा. हरकत लेखी द्या, पोच घ्या, आणि सुनावणीस एकट्या शिकलेल्या मुलास पाठवू नका. ज्या बायका रोज हंडा घेऊन ती वाट तुडवितात, त्यांनाही बरोबर न्या.