कुत्र्यांना एखादं इंजेक्शन का देत नाहीत?

(रौप्यमहोत्सवी सोहळ्यात केलेल्या भाषणाचा गोषवारा)



मी जनावरांचा डॉक्टर. त्यामुळे लिफ्टमध्ये एक प्रश्न मला ठरलेला असतो, "डॉक्टर, गेटवरच्या कुत्र्यांना पिल्लंच होणार नाहीत असं एखादं इंजेक्शन नाही का हो?"

आहे, पण घोड्यांसाठी! अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ असाटीग नावाचं बेट आहे. तिथे रानात मोकळे घोडे राहतात. ते फार वाढले की बेटावरचं गवत पुरत नाही. १९८८ मध्ये जे कर्कपॅट्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या घोड्यांना लांबूनच, बंदुकीने सुई मारून लस दिली. ही लस डुकरिणीच्या स्त्रीबीजाभोवतीच्या आवरणापासून बनते. ती टोचली की घोडीच्या शरीरात प्रतिपिंडं तयार होतात, ती तिच्या स्वतःच्या स्त्रीबीजालाही चिकटतात आणि शुक्राणूला आत शिरता येत नाही. घोडी माजावर येते, कळपात राहते, फक्त गाभण राहत नाही.

कळप कमी झाला, पण सावकाश. कारण बाळंतपणं थांबल्यावर घोड्या उलट जास्त वर्षं जगू लागल्या! शिवाय लस पुन्हा पुन्हा द्यावी लागते. म्हणून तिथे एकेका घोडीची ओळख आणि नोंद ठेवतात.

कुत्र्यांसाठी अशी भरवशाची लस अजून हाती आलेली नाही. म्हणून आपल्याकडे २०२३ च्या नियमांप्रमाणे शस्त्रक्रिया करतात, रेबीजची लस देतात आणि कुत्रं जिथून नेलं तिथेच परत सोडतात. "परत कशाला आणता?" यावरून आपल्या सभेत किती आवाज चढले, ते आठवत असेलच. ज्यांच्या मुलाला कुत्रा चावला त्यांचा राग खरा आहे, आणि रोज पोळी घालणाऱ्या काकूंची मायाही खरी आहे. पण जागा मोकळी झाली की बाहेरची, शस्त्रक्रिया न झालेली कुत्री तिथे येतात.

तेव्हा माझी एकच विनंती. वॉचमनच्या टेबलावर एक वही ठेवू या. कुत्र्याचा रंग, नर की मादी, कानाला खाच आहे का, रेबीजची लस कधी झाली, एवढंच लिहायचं. खाच म्हणजे शस्त्रक्रिया झाल्याची खूण. खाच नसलेलं कुत्रं दिसलं की पालिकेला कळवायचं. आणि चावलं तर वहीची वाट न बघता जखम साबणाने धुऊन थेट दवाखाना!

वही मी आणतो. पहिली नोंद उद्या सकाळी करू.