आकाशातील ‘ऊ’

घरी बांधलेले विमान उडू शकते, हे फ्रान्समधील आँरी मिन्ये या हौशी रचनाकाराने १९३३ साली दाखवून दिले. लाकूड व कापड यांचे ते चिमुकले विमान ‘पू द्यू स्येल’, म्हणजे आकाशातील ऊ, या नावाने गाजले. पुढे एक व त्याच्या मागे, किंचित खाली, दुसरा असे त्याचे दोन पंख. पायांना काम नाही. सारा कारभार एका दांड्यावर. दांडा बाजूस नेला की सुकाणू वळे, ओढला की पुढील पंख तिरपा होऊन नाक वर येई.

उतरताना ही सुलभता विशेष जाणवे. वेग मंदावला तरी विमान एकाएकी कोसळत नसे, संथपणे खाली येई. आडव्या वाऱ्यात मात्र पंख झुकवून नाक सरळ धरण्याची सोय नव्हती. वाऱ्याकडे तोंड करूनच उतरणे इष्ट.

खरा धोका निराळाच होता. वेग घटताच नाक खाली दाबावे, ही वैमानिकांची रुजलेली सवय. येथे नाक फार खाली गेले, तर दांडा कितीही ओढला तरी ते वर येत नसे. कारण पुढील पंखाची मागची कड खाली सरकून दोन पंखांतील फट अरुंद होई, मागील पंखाची उचल वाढे आणि वर जाई ती शेपटीच! अनेकांचे प्राण गेले. १९३६ साली ब्रिटन व फ्रान्समध्ये अख्खे विमान वातविवरात, म्हणजे कृत्रिम वाऱ्याच्या बोगद्यात, ठेवून तपासल्यावर हे कोडे उलगडले. मिन्येने पुढील नमुन्यांत रचना सुधारली. ब्रिटनमध्ये मात्र तोवर या विमानावरील लोकांचा विश्वास उडाला होता.