कर्ज फेडण्यासाठी कर्ज
(लालबाग येथील वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



विद्यार्थ्यांच्या गुणगौरवाच्या या आनंदसमयी कर्जाचा विषय काढणे काहींस अप्रशस्त वाटेल. तथापि ज्या गोष्टीची घरात कुजबुजही होत नाही, तिचा विचार ज्ञातीच्या सभेत उघडपणे व्हावा, असे आम्हांस वाटते.

आपल्या वाडवडिलांपैकी कित्येकांचे संसार लालबाग-परळच्या गिरण्यांवर चालले. पगाराच्या दिवशी गिरणीच्या दरवाजाशी सावकार उभा असे. शंभराचा कागद करावयाचा, पहिल्या महिन्याचे व्याज आधीच कापावयाचे आणि नव्वदच हातावर ठेवावयाचे, ही सावकारीतील जुनी युक्ती. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या, त्यांच्या जागी मनोरे उभे राहिले. ती युक्ती मात्र नव्या पोशाखात आपल्या घरात शिरली आहे.

क्रेडिट कार्डाची थकबाकी साचली की दुसऱ्या बँकेचा निरोप येतो : ‘आपली बाकी आमच्याकडे वळवा, सहा महिने व्याज शून्य.’ यास बॅलन्स ट्रान्सफर म्हणतात. समजा, बाकी ६०,००० रुपये आहे. शेकडा ३ प्रमाणे फी १,८०० रुपये. तिच्यावर शेकडा १८ प्रमाणे जीएसटी ३२४ रुपये. एकूण २,१२४ रुपये प्रारंभीच चढले. दरमहा १०,००० रुपये फेडीत गेल्यास सहा महिन्यांत सरासरी ३५,००० रुपयेच आपल्याकडे राहिले. त्यांसाठी अर्ध्या वर्षात २,१२४ रुपये मोजले, म्हणजे दर साल दर शेकडा १२ हून अधिक व्याज पडले. नाव मात्र शून्य!

येथेच हे संपत नाही. सवलत वळविलेल्या बाकीस असते.  सवलतीची मुदत संपल्यावर उरलेल्या बाकीवर कार्डाचा नेहमीचा दर लागू शकतो, आणि तो महिना शेकडा साडेतीन असला तर वर्षाचे ४२ होतात. शिवाय पूर्ण बाकी न भरल्यास नव्या खरेदीची बिनव्याजी मुदतही बहुधा जाते. मग वाणसामानावरही पहिल्या दिवसापासून व्याज चढते. ४२ पेक्षा १२ बरे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु ते १२ आहेत, हे जाणून सही करावी.

कायद्याचा आधार किती? दामदुपटीच्या जुन्या नियमाने एका वेळी व्याज मुद्दलाहून अधिक वसूल करता येत नसे. १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्याने सावकारास हिशेब देणे भाग पाडले. बँकांस ती बंधने नाहीत. कार्डावर शेकडा ३० हून अधिक व्याज घेणे ही अनुचित व्यापारप्रथा होय, असे राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली ठरविले होते; सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला. मात्र न भरलेले आकार व कर मुद्दलात मिसळून त्यांवर व्याज चढवू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या निर्देशांत बजावले आहे. हे आपल्या हातचे शस्त्र होय.

यास्तव सही करण्यापूर्वी तीन प्रश्नांची लेखी उत्तरे घ्यावीत. करासह फी किती रुपये? त्या फीवर व्याज लागणार काय? मुदत संपल्यावर व नव्या खरेदीवर दर कोणता? स्टेटमेंटात वावगे दिसल्यास बँकेकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते.

तरुणांस आमची एकच विनंती : कर्ज आईवडिलांपासून व पत्नीपासून लपवू नका. लपविलेल्या कर्जासच दुसरे कर्ज काढावे लागते. आणि वडीलधाऱ्यांनो, मुलगा कागद घेऊन समोर आला तर आधी रागावू नका. चष्मा लावून त्याच्याबरोबर हिशेब मांडावयास बसा. बँकेत नोकरी केलेले अनेक बांधव या सभेत आहेत. त्यांनी अशा कुटुंबांस घटकाभर वेळ द्यावा, एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.