कागदात लपलेलं बालपण

आज एका कागदाची गोष्ट सांगतो. कवीचं कागदाशी नातं असतंच, पण ही गोष्ट कवितेची नाही, ढेकणांची आहे.

1964 साली प्रागचे कीटकशास्त्रज्ञ कारेल स्लामा हार्वर्ड विद्यापीठात कॅरोल विल्यम्स यांच्याकडे आले. बरोबर लाल-काळे ढेकूण होते. खाटेतले नव्हेत, झाडांच्या बिया शोषणारे. या ढेकणाच्या पिल्लानं पाचव्यांदा कात टाकली की त्याला पंख फुटतात, ते वयात येतं. प्रागमध्ये हे बिनबोभाट चाले. अमेरिकेत मात्र पाचव्या कातीनंतरही पिल्लू पिल्लूच! वाढलेलं, पण पोरच राहिलेलं. आणि तसंच मरून जाई.

कीटकाच्या अंगात बालपण टिकवणारं एक संप्रेरक असतं. ते वेळेवर आटलं तरच तो प्रौढ होतो. इथं ते बाहेरून कुठून येत होतं? पाणी, खाणं, सगळं तपासलं. चोर निघाला पिल्लांना चढा-उतरायला डबीत ठेवलेला कागद! तो बदलला आणि ढेकूण वयात आले.

मग दोघांनी वर्तमानपत्रांचे तुकडे ठेवून पाहिले. 'न्यूयॉर्क टाइम्स'वर पिल्लं पोरच राहिली, लंडनच्या 'टाइम्स'वर मोठी झाली. मजकुराचा दोष नव्हता हो! अमेरिकेतल्या कागदाच्या लगद्यात बाल्सम फर नावाच्या झाडाचं लाकूड होतं. 1966 मध्ये विल्यम बॉवर्स आणि सहकाऱ्यांनी त्यातलं द्रव्य वेगळं काढलं, नाव ठेवलं जुवाबिओन. लाकूड शिजलं, लाटलं गेलं, त्यावर शाई चढली, तरी झाडाचा निरोप पुसला गेला नाही, याचं मला फार नवल वाटतं. कपाशीवरचा आपला लाल ढेकूणही याच कुळातला. त्याच वर्षी सक्सेना आणि विल्यम्स यांनी दाखवलं, की कागदातलं हे द्रव्य त्यालाही वयात येऊ देत नाही.

कात टाकायला लावणारं संप्रेरक वेगळं. 1954 साली बुटेनांट आणि कार्लसन यांनी रेशीमकिड्यांच्या 500 किलो कोशांतून ते जेमतेम 25 मिलिग्रॅम मिळवलं. आणि 1966 मध्ये जपानच्या कोजी नाकानिशींना त्याचेच भाऊबंद एका झाडाच्या पानांत सापडले, तेही भरपूर! पुढे पालकात सापडले, गणपतीच्या पत्रीतल्या आघाड्यातही सापडले. पालक खुशाल खा. आपल्याला कुठे कात टाकायचीय?

झाड हे का बनवतं? कीटकांपासून बचावासाठी, असं मानतात. विष पाजण्यापेक्षा हे शहाणपणाचं. शत्रूच्याच भाषेतला एक शब्द, फक्त अवेळी उच्चारलेला.

शेतकऱ्याला मात्र याचा उपयोग बेतानंच. पीक फस्त करते ती बहुधा अळीच. तिचं बालपण लांबवून काय साधणार? डासांचं उलटं. पाण्यातली त्यांची अळी कुणाला चावत नाही, चावते ती पंख फुटलेली मादी. म्हणून बालसंप्रेरकाची नक्कल करणारं मेथोप्रीन साठलेल्या पाण्यात टाकतात. अळ्या वळवळत राहतात, कोशातही जातात, पण त्यातून डास बाहेर पडत नाही.