संगणकाच्या विजेची पारख



वसंत व्याख्यानमालेत इतिहास, वाङ्मय सोडून हा पत्र्याचा डबा कशाला, असे कोणी मनात म्हणत असेल. पण आज पतसंस्थेची खातेवही संगणकात आहे, सातबाराही त्यातूनच निघतो. आकडा लिहिला जात असतानाच वीज डळमळली, तर ठेवीदाराची नोंद बिघडू शकते. म्हणून आम्ही हा विषय घेतला.

कोयनेची वीजनिर्मिती १९६२ साली सुरू झाली. घरात येणारी वीज २३० व्होल्टची, सेकंदाला ५० हेलकावे घेणारी. संगणकाला ती तशी पचत नाही. त्याला १२, ५ आणि ३.३ व्होल्टची, एकाच दिशेने वाहणारी वीज हवी. ती करून देणाऱ्या डब्याला बाजारात ‘एसएमपीएस’ म्हणतात. १९९५ साली आलेल्या एटीएक्स पद्धतीत या तिन्ही दाबांना पाच टक्के सूट आहे. म्हणजे बाराचे ११.४ पर्यंत उतरले किंवा १२.६ पर्यंत चढले तरी चालते.

दुकानात पारख कशी होते? हिरवी तार काळीला जोडायची, पंखा फिरला, मीटरने बारा दाखवले, की ‘माल चांगला!’ बाजारात बैल न जुंपताच घेण्यासारखे हे आहे. खरी परीक्षा ओझ्याखाली. मोटारीचा ५५ वॅटचा एक दिवा बारा व्होल्टवर सुमारे साडेचार अँपिअर ओढतो. असे दिवे एकेक वाढवत, डब्यावर लिहिलेल्या मर्यादेत राहून, दाब किती उतरतो ते पाहावे.

तरीही साधा मीटर फसवतोच. तो सरासरी सांगतो; पाटाच्या पाण्याची खोली सांगतो, वरच्या लाटा सांगत नाही. त्या लाटा ऑसिलोस्कोपवरच दिसतात. माथ्यापासून तळापर्यंत बारा व्होल्टवर १२० आणि पाच व तीनवर ५० मिलिव्होल्ट, ही त्यांची मर्यादा. मोजताना १० आणि ०.१ मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर टोकांवर जोडतात आणि जमिनीची तार आखूड ठेवतात. लांब तार हवेतला गोंगाट स्वतःच ओढते, आणि निरपराध डबा दोषी ठरतो!

दुसरी कसोटी वीज गेल्यावरची. एक हेलकावा २० मिलिसेकंदांचा. वीज खंडित झाल्यावर डब्याने सुमारे १६ मिलिसेकंद तरी दाब टिकवला पाहिजे. तेवढ्यात यूपीएसने भार उचलायचा असतो. डबा जुना होतो तसे आतले कपॅसिटर सुकतात; उष्णता दहा अंशांनी वाढली की त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते. आपल्याकडचा चैत्र-वैशाख, आणि जाळीवर बसलेली धूळ! ती जाळी वरचेवर साफ करावी.

२०१२ च्या आदेशाने सक्तीची झालेली नोंदणी पाहते ती सुरक्षितता: धक्का बसू नये, आग लागू नये. लाटांची हमी त्या शिक्क्यात नाही. संस्थेने एकदम दहा संगणक घेताना विक्रेत्याकडे ओझ्याखालचे मोजमाप लेखी मागावे. कार्यकारिणीला तो अधिकार आहे.

झाकण मात्र कोणी हौसेने उघडू नये. वायर काढल्यावरही आत तीनशेहून अधिक व्होल्ट काही काळ दबा धरून बसलेले असतात.