बोक्याचा हिशेब

आपल्या परभणीत १९७२ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. आजारी बैल दाखवताना शेतकरी हिशेब मांडतो, कारण बैल कमावतो. घरातल्या बोक्याचे काय? लघवी तुंबलेला बोका दोन दिवसांत दगावू शकतो. विचाराला सवड नसते. ‘फुकटच्या बोक्यावर हजारो रुपये?’ हा शेजाऱ्यांचा प्रश्न मला गैरलागू वाटतो. डॉक्टरांना विचारावे : आशा किती, खर्च कुठवर, दुखणे पुन्हा उलटेल काय? मुलांच्या फीचे पैसे मोडा, असे मी म्हणणार नाही. ऐपत नसेल तर वेदनारहित मरण मागण्यात लाज कसली? मात्र जनावराला नाहक वेदना होऊ न देणे हे पाळणाऱ्याचे कर्तव्यच आहे, असे १९६० चा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा सांगतो. ‘उद्या बघू’ म्हणत त्याला कोपऱ्यात कण्हत ठेवणे त्यात बसत नाही.