शेगडी घेण्याआधी चुंबक लावा

विजेची शेगडी घ्यायची आहे? मग फ्रिजवरचं चुंबक काढून रोजच्या पातेल्यांच्या बुडाला लावून बघा. घट्ट चिकटलं, तर ते भांडं इंडक्शन शेगडीवर चालेल. इंडक्शनमध्ये थेट भांड्याचं बूडच तापतं. म्हणून दूध झटकन वर येतं आणि बटण बंद करताच खाली बसतं. भाकरीच्या रुंद तव्याचं मात्र मधलं वर्तुळच तापतं, कडा कच्च्या राहतात.

चुंबक न चिकटणारी पितळी, ॲल्युमिनियमची भांडी जास्त असतील, तर इन्फ्रारेड शेगडी घ्या. जाळी ठेवून तिच्यावर वांगंही भाजता येतं. पण बंद केल्यावरही तिची काच बराच वेळ चटका देते. घरात रांगतं मूल असेल, तर मी इंडक्शनच सुचवेन.

आणि 2000 वॅटची शेगडी 16 अँपिअरच्या सॉकेटलाच लावा.